पाचपट ठिपक्यांचा धंदा

अंकाच्या संपादकांचा फोन आला. म्हणाले, "शिवाप्पा, तुम्ही केबलच्या धंद्यातले जुने खोड. एचडी केबलला जास्तीचे पैसे मोजावेत की नाही, यावर चार पानं लिहून द्या. वाचकांना उपयोग होईल."

मी म्हटलं, "साहेब, याचं उत्तर एका शब्दाचं आहे."

ते म्हणाले, "एका शब्दाला मानधन नसतं."

मी तो शब्द गिळला आणि चार पानांवर आलो.

आधीच सांगून ठेवतो, मला या प्रश्नात फक्त उपयोगापुरता रस नाही. तेलगावात माझ्या घराच्या माडीवर कंट्रोल रूम आहे. तिथून निघालेली काळी तार गावभर फिरते. मला वाहिन्या पुरवणाऱ्या वरच्या कंपनीच्या लोकांनी सांगितलं होतं की आता एचडी हीच केबलवाल्याची शेवटची आशा. लोकांनी एचडी घेतली तर तार खांबावर राहील, नाही घेतली तर भंगारात जाईल. तेव्हा लोकांच्या दृष्टीनं हा महिन्याच्या खर्चाचा प्रश्न असेल, माझ्या दृष्टीनं तो मर्तिकाचा होता.

आमचं घराणं किराणा दुकानाचं. बाबांच्या गळ्यात लिंग आणि हातात तागडी. मी माडीवर डिश बसवली तेव्हा बाबा खाली अंगणात उभे राहून बराच वेळ वर बघत होते. मग म्हणाले, "शिवाप्पा, आभाळाकडं तोंड करून भीक मागायचा धंदा हाय हा." बाबांना धंद्यातलं कळायचं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. आभाळात उपग्रह असतो, तो चित्रं खाली टाकतो. डिश ती ओंजळीत झेलते. खोलीतली यंत्रं ती झाडून-पुसून एका तारेत भरतात. तार खांबावरून, लिंबाच्या फांदीवरून, कुणाच्या गच्चीवरून, कुणाच्या मर्जीवरून घरोघर जाते. थोडं अंतर गेलं की चित्र दमतं. तिथं खांबावर एक डबा असतो, तो त्याला ताजंतवानं करून पुढं ढकलतो. या डब्यात पाली राहतात, मधमाश्या राहतात आणि एकदा तर एक साप निघाला. तो इतके दिवस त्या डब्याला वेटोळं घालून बसला होता की संध्याकाळच्या बातम्या लागल्या की फणा काढायचा. खोटं वाटत असेल तर त्या सापाला विचारा.

डिश उडण्याचा प्रकार तर सांगायलाच पाहिजे. एका उन्हाळ्यात वावटळ आली आणि माझी सगळ्यात मोठी डिश घेऊन गेली. मी शेतं पालथी घातली, विहिरींत डोकावलो. मिळाली नाही. पुढं बऱ्याच दिवसांनी तलवाड्याला एका लग्नाला गेलतो. पंगतीत बसलो. चौघं जण मिळून एक भलं मोठं पसरट भांडं उचलून भात वाढत होते. मी ओळखलं. मधोमध माझ्या हातचं भोक होतं, त्याला कणकेचा गोळा लावलेला. मी पान पुढं केलं. भात चांगला होता आणि बायकोच्या माहेरचं लग्न होतं.

तर त्या काळात केबलवाल्याची खरी दौलत म्हणजे तक्रार. पैसे काय, येतात-जातात. पण चित्रात मुंग्या आल्या की माणसं जशी यायची, तशी आता कुणाच्या मातीलाही येत नाहीत. पिठाच्या हातानं बायका यायच्या. दाढीला अर्धा साबण लावलेले गडी यायचे. एक म्हातारी होती, ती काठी आपटत थेट माडीवर यायची. एकदा ऐन मालिकेत वीज गेली आणि तिचा अर्धा भाग बुडाला. ती आली आणि म्हणाली, "मला काय म्हाईत न्हाई. थोबाडीत कुणी कुणाच्या मारली, तेवढं सांग, तवा जाते."

मी तो भाग बघितला नव्हता. पण म्हातारीला काय परत पाठवायचं? मी सांगून टाकलं की थोरल्या सुनेनं सासऱ्याच्या मारली, सासरा घर सोडून गेला आणि धाकटा मुलगा मुळात त्या घरचा नाहीच. म्हातारी समाधानानं गेली. दुसऱ्या दिवशी सासरा सोफ्यावर चहा पीत बसलेला दिसला. म्हातारी परत आली ती चिडून. मला वाटलं, आता काठी बसते. पण तिची तक्रार माझ्यावर नव्हतीच. म्हणाली, "शिवाप्पा, त्या मालिकावाल्याला फोन लाव. चुकीचं दाखवून ऱ्हायलाय." त्या दिवशी मला वाटलं, या गावात आपली सत्ता आहे.

सत्ता जायला वेळ लागत नाही, हे आमच्याकडच्या लोकांना वेगळं सांगायला नको.

आमच्या गावातून दर साली दिवाळी झाली की कितीतरी घरं ऊसतोडीला जातात. जाण्याआधी माणसं माझ्याकडं येऊन सांगायची, "शिवाप्पा, लाईन बांधून ठिवा." मी जाऊन त्यांची तार टीव्हीपासून सोडवायचो, वेटोळं करायचो आणि वळचणीला टांगायचो. टांगलेलं वेटोळं म्हणजे या घरचा माणूस परत येणार, एवढा त्याचा अर्थ. उन्हाळ्यात बैलगाड्या नि ट्रॅक्टर परतले की बायका भांडी उतरवायच्या आधी पोरांना पिटाळायच्या, "जा, केबलवाल्याला म्हनावं, आमी आलोत." मी शिडी खांद्यावर टाकून घरोघर वेटोळी सोडायचो. ती माझी खरी दिवाळी.

मग एका साली माणसं परत आली, भांडी उतरली, आणि मला बोलवायला कुणी आलंच नाही. मी चार दिवस वाट बघून स्वतःच वस्तीवर गेलो. वेटोळी वळचणीला तशीच. एकात चिमणीनं घर केलं होतं. एका गड्याला विचारलं, "लाईन सोडायची न्हाई का बे?"

तो मोबाईलमधून मान वर न काढता म्हणाला, "कशाला? उसाच्या फडात कोपीत बसून समदं बघितलं आमी. तुमच्या टीव्हीत काय येगळं दिसतंय?"

"तुमच्या टीव्हीत." टीव्ही त्याचा होता. पण जे आवडत नाही ते केबलवाल्याचं असतं.

त्याच सुमाराला वरच्या कंपनीनं एचडीचं सुचवलं. माजलगावला एका हॉटेलात आम्हा केबलवाल्यांना बोलावलं, जेवायला घातलं आणि पडद्यावर दोन चित्रं दाखवली. एकात साधा वाघ, दुसऱ्यात एचडी वाघ. साधा वाघ गोणपाट पांघरल्यासारखा. एचडी वाघाच्या मिशीवर दव. आम्ही सगळे 'आहा' म्हणालो. आता विचार करतो, आमच्या गिऱ्हाइकांना वाघाच्या मिशीशी काय करायचं होतं?

एचडीचा अर्थ साधा आहे. टीव्हीतलं चित्र ठिपक्यांचं बनतं. एचडीत तेच चित्र, पण सुमारे पाचपट ठिपके. हिरोईन तीच, रडणं तेच, जाहिराती त्याच. फक्त ठिपके पाचपट. त्यासाठी वेगळा बॉक्स लागतो, वेगळी जाड तार लागते, टीव्ही त्या लायकीचा लागतो आणि एचडी वाहिनीचा नंबर वेगळा असतो, तो लक्षात ठेवावा लागतो. यातलं एक जरी चुकलं तरी तुम्ही पैसे एचडीचे देता आणि बघता मात्र गोणपाटच.

मी दुकानामागची खोली विकली आणि एचडीचे बॉक्स आणले. मंगल, म्हणजे माझी बायको, एवढंच म्हणाली, "वाघ बघून आलात आन् खोली इकली." तिनं तो वाघ बघितला नव्हता, म्हणून बोलली असेल.

पहिला बॉक्स गेला बप्पांकडं. बप्पा म्हणजे आमच्या भागातले जमीनवाले आणि पुढारी. निवडणूक असो नसो, ते उभेच असतात. त्यांचा टीव्ही एवढा मोठा की पाहुणे उठून जाताना चुकून त्यातूनच बाहेर पडायला बघायचे. बॉक्स मी दिला, जोडणी त्यांच्या माणसानं केली. दुसऱ्या दिवशी बप्पांनी निम्मं गाव गोळा केलं आणि मलाही बोलावलं. टीव्हीवर कुस्ती चालू होती.

"बघा," बप्पा म्हणाले, "ह्याला म्हनतेत एचडी! पैलवानाचा घाम दिसतोय का न्हाई?"

"दिसतोय की! थेंब न् थेंब!" एक जण म्हणाला.

"मला तर वास बी यायलाय," दुसरा म्हणाला. त्याचं बप्पांकडं काम अडलेलं होतं.

मी बघितलं. चित्र असं होतं की दोन पैलवान आहेत की तीन, हेच कळेना. हळूच टीव्हीच्या मागं गेलो. तिथं जुनी पिवळी-लाल-पांढरी तार लावलेली. त्या तारेतून एचडी जात नाही. चाळणीतून पाणी आणावं तसा प्रकार.

मी विचारलं, "बप्पा, बॉक्सबरोबर एक जाड काळी तार दिली होती. ती कुठंय?"

आतून काकी आल्या, बप्पांच्या मंडळी. कपाट उघडलं. शालूंच्या घडीमधून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली तार काढली. म्हणाल्या, "एवढी भारी वायर, रोज वापरली तर खराब व्हईल. म्हनलं, सणासुदीला लावू."

त्यांच्या सोफ्यावरचं प्लास्टिकही अजून काढलेलं नव्हतं. आमच्याकडं चांगली वस्तू वापरायची नसते, तिच्यावर बसायचं असतं.

बप्पा गर्दीकडं बघून माझ्याकडं वळले. "म्हंजे शिवाप्पा, आतापतूर जो घाम दिसला, तो कुणाचा होता बे?"

मी म्हटलं, "बप्पा, तो बघणारांचा होता."

गर्दीतल्या एकानंही हसण्याची हिंमत केली नाही. मी जाड तार लावली आणि एचडी नंबर लावला. चित्र उघडलं. पैलवानाच्या कानामागचा तीळ दिसला, पंचाच्या शर्टाचं तुटलेलं बटण दिसलं. बप्पांनी डोळे बारीक केले. मान मागं घेतली आणि म्हणाले, "लई दिसतंय. डोळ्याला टोचतंय. ती पिवळीच लाव."

काकींनी जाड तार पुन्हा पिशवीत घातली. मी तिथंच ओळखायला हवं होतं. पण पहिलंच गिऱ्हाईक होतं, आणि बप्पांनी एचडी घेतली ही बातमी गावात फिरली म्हणून आणखी घरांनी घेतली. कुणी पिवळी तार लावली. कुणी जाड लावली, पण बोटाला सवय जुन्या नंबराची, म्हणून जुनाच नंबर बघत बसले. एका गुरुजींनी बॉक्सवर देवीचा फोटो ठेवून हवा अडवली आणि बॉक्स तापून बंद पडला, तर मला म्हणाले, "एचडीला देव सोसत नाही." मी पुरं गाव फिरून प्रत्येक घरात जाड तार लावून दिली. मी गेलो की लोक ती परत काढून ठेवायचे.

एचडीचे पैसे खरोखर कुणाचे वसूल झाले असतील तर ते एकाच माणसाचे. भानुदास आबांचे.

आबा माझ्या मागच्या बोळात राहतात. घरी एकटेच. मुलगा पुण्याला असतो, त्यानंच टीव्ही पाठवला आणि त्यानंच मोबाईलवरून वर्षाचे एचडीचे पैसे भरले. आबांचं वेड क्रिकेट. गावच्या मैदानावर सामने होतात, त्यात वर्षानुवर्षं पंच आबाच. धोतर, डोक्यावर टोपी आणि बोट वर. आबांनी बोट वर केलं की बाद, मग तो फलंदाज बप्पांचा भाचा का असेना.

मी त्यांच्याकडं जाड तार लावली, एचडीच्या नंबरावर सामना लावला आणि रिमोट त्यांच्या हातात दिला. आबा पुढं सरकले. पहिला चेंडू पडला. दुसरा पडला. आबांनी माझं मनगट धरलं.

"अबे शिवाप्पा, बॉल दिसतोय की!"

"आजवर दिसत नव्हता का आबा?"

"न्हाई ना बे. फिल्डर कुठं पळतेत, त्याच्यावरून वळखायचो."

मी विचारलं, "आणि मैदानावर? पंच असताना?"

"तिथं बी," आबा म्हणाले. "पण कुणाला सांगू नको. लई निकाल दिलेत."

मी कुणाला सांगितलं नाही. आज छापून येतंय, त्याला माझा इलाज नाही.

दोनच दिवसांनी आबा सकाळी सकाळी माडीवर आले, चेहरा उतरलेला. पौराणिक मालिका त्यांनी एचडीत बघितली होती. ऋषी शाप देत होते आणि आबांना त्यांच्या दाढीच्या कडेला डिंक दिसला. शाप चालू असताना दाढीची एक बाजू सुटत आली होती. आबा म्हणाले, "इतकी सालं हात जोडून बसायचो. काल हात जोडावंच वाटंनात."

मी म्हटलं, "मग बंद करू का एचडी?"

आबा विचारात पडले. मग तोडगा त्यांनीच काढला, आणि संपादकसाहेब, तुमच्या चार पानांचं सार तेवढंच आहे. आबा म्हणाले, "ऋषी जुन्या नंबरावर बघतो, बॉल नव्या नंबरावर." ज्याला बॉल बघायचाय त्यानं एचडीचे पैसे द्यावेत. ज्याला हात जोडायचेत त्यानं देऊ नयेत.

पण एका आबांवर कंट्रोल रूम चालत नाही. पहिल्या वर्षाची मुदत संपली आणि बॉक्स परत यायला लागले. कुणी आणून दिले, कुणी पोराच्या हाती पाठवले, कुणी सायकलवरून माझ्या ओट्यावर ठेवून न बोलता निघून गेले, जसं मांजराचं पिल्लू सोडतात. बप्पांच्या घरून बॉक्स आला, जाड तार आली नाही. ती शालूंतच राहिली. मंगलनं खाटेच्या चारही पायांखाली एकेक बॉक्स सरकवला, म्हणजे खालून झाडता येतं. तेव्हापासून आम्ही एचडीवर झोपतो. झोप साधीच लागते.

मी काय काय केलं नाही? दवंडी दिली. लोकल चॅनलवर फुकट वाढदिवस दाखवले. एका घरी तर मी टीव्हीसमोर बसून स्वतः सांगत होतो, "बघा, हिच्या नथीतला मोती दिसतोय." ते नवरा-बायको दोघंही माझ्या पाठीमागं आपापल्या मोबाईलवर तीच नथ बघत होते. तळहाताएवढ्या काचेवर. त्यात मोती काय, नाकसुद्धा दिसत नव्हतं. आणि माणसं खूश. मी तिथून उठून आलो. माणसाला वाईट मालानं हरवलं तर तो परत लढतो. मालाची पर्वाच नसणारा समोर आला की लढायचं कशाशी?

मग बीडहून इंटरनेटवाल्या कंपनीचा पोरगा आला. टी-शर्ट, पाठीला पिशवी, तोंडात 'काका काका'.

"काका, तुमच्या लाईनचा रस्ता आम्हाला द्या. आम्ही काचेची तार टाकू. तुम्ही आमचे लाईनमन व्हा. टेन्शन नाही, कंट्रोल रूम नाही, डिश नाही."

"आणि माझी तार?"

"ती काढून टाकू ना काका. जुनी आहे."

पोरगा वाईट नव्हता. मंगलनं दिलेला चहा बशीत ओतून प्यायला. म्हणाला, "रविवारपर्यंत विचार करून सांगा."

विचार काय करायचा? मी म्हटलं, गावालाच विचारू. आमच्या धंद्यात गावाला विचारायची एक पद्धत आहे. बाहेरच्यांना ती ठाऊक नसते. लोक पैसे द्यायला टाळाटाळ करायला लागले की ऐन सामन्यात लाईन पाडायची. एक बटण. गावभर एकदम अंधारं चित्र. मग सगळे केबलवाल्याच्या दारात. आपण बनियनवर बाहेर यायचं, आभाळाकडं बघायचं आणि म्हणायचं, "वरूनच फॉल्ट आहे." माणसं खिशात हात घालायची आणि दोन ओव्हरच्या आत आभाळातला फॉल्ट निघायचा. हे सगळ्यांना माहीत होतं. त्यांना माहीत आहे हे मलाही माहीत होतं. सोयरिकीत असतं तसं ते चालायचं.

या वेळी मला पैसे नको होते. मला माणसं दारात हवी होती. शिवीगाळ झाली तर उत्तमच. चार जण जरी आले तर पोराला 'नाही' म्हणायचं, असं ठरवलं.

रविवारी दुपारी मोठा सामना होता. मी मंगलला सांगितलं, "मोठ्या पातेल्यात आधण ठेव. गर्दी होईल."

तिनं मोठं पातेलं ठेवलं, पण माझ्याकडं बघितलं ते आजाऱ्याकडं बघावं तसं.

नाणेफेक झाली आणि मी बटण दाबलं. माडीवरची यंत्रं एकदम गप्प झाली. इतकी वर्षं ती घरघर चालू होती की ती थांबल्यावर मला पहिल्यांदा रस्त्यावरच्या कोंबड्या ऐकू आल्या. बनियन सारखं करून मी सज्जात उभा राहिलो.

रस्ता मोकळा. एक कुत्रं आलं, माझ्याकडं बघितलं आणि गेलं. त्याचंही कनेक्शन असतं तर बरं झालं असतं.

मी म्हटलं, अजून लोकांना कळलं नसेल. जेवून झोपले असतील. आता येतील. सामना अर्ध्यावर आला. पातेल्यातलं आधण आटलं, मंगलनं त्यात परत पाणी घातलं. फोन बघितला, तो चालू होता. स्वतःच्याच दुसऱ्या नंबरावरून लावूनही बघितला. वाजला. चांगला खणखणीत वाजला.

तेवढ्यात खालून मंगल ओरडली, "आउट! गेला गं बाई गेला!"

मी जिना उतरून खाली आलो. "कोण आउट? लाईन तर बंद आहे. तुला कसं कळलं?"

तिनं मोबाईल मांडीवर पालथा घातला. पण उशीर झाला होता. म्हणाली, "तुमाला वाईट वाटंल म्हनून आवाज बारीक ठिवला होता. आउट झाला तवा ऱ्हावलं न्हाई."

मी बनियनवर सदरा चढवला. चपला घातल्या आणि बाहेर पडलो.

गावात सामना जोरात चालू होता. प्रत्येक घरातून आवाज येत होते. फक्त एक गोष्ट मला नवी होती. केबलवर सामना असायचा तेव्हा षटकार गेला की सगळं गाव एकाच क्षणी ओरडायचं. देवळावरची कबुतरं एकदम उडायची. आता तसं नव्हतं. मोबाईलवर चित्र कुणाकडं आधी पोचतं, कुणाकडं उशिरा. एका घरात आरोळी उठली. मी चार पावलं गेलो तर पुढच्या घरात उठली. कोपऱ्यावर वळलो तर तिथं अजून सगळे श्वास रोखून बसलेले, आणि मग तिथंही उठली. षटकार एकच. तो बोळाबोळातून एकटा फिरत होता, भिक्षा मागितल्यासारखा. कबुतरं जागची हलत नव्हती. कुठल्या आरोळीला उडावं, त्यांना कळत नसावं.

त्या कोपऱ्यावरच मी बीडच्या पोराला फोन लावला. "या उद्या. तार उतरवून घ्या."

"थँक्यू काका! एक मिनिट हां—" तो म्हणाला, आणि मागं त्याच्याकडं तोच षटकार पडला.

घरी जावंसं वाटेना म्हणून मागच्या बोळात शिरलो. आबांचं दार उघडं होतं. आत टीव्ही काळा, समोर आबा मांडी घालून बसलेले, हातात रिमोट. मला बघून दचकले. टोपी सरळ केली, डोळे चोळले.

"तू हायेस का बे?"

"हाये की. नसायला काय झालं?"

"मला वाटलं, मेलास."

"आबा!"

"आता तूच इचार कर. पोरानं सालाचं पैसं भरल्यालं. तू लाईन पाडायचास तवा दोन ओव्हरच्या आत परत द्यायचास. आज टॉसपासनं चित्र न्हाई. म्हनलं, शिवाप्पा जित्ता असता तर मॅच अशी सोडली नसती. गेला बिचारा."

मला बसायला जागा हवी होती. मी उंबऱ्यावरच बसलो. "मग आबा, माणूस मेला असं वाटलं तर घराकडं यायचं तरी!"

"येनारच होतो मातीला. मॅच संपू दे म्हनलं."

गावात एकच तक्रार शिल्लक होती, ती या माणसाची, आणि माझा मान राखायचा म्हणून त्यानं ती केली नव्हती. मी म्हटलं, "आबा, तुमच्यापुरती चालू करून येतो. अजून बऱ्याच ओव्हर आहेत. बॉल दिसेल."

आबांनी माझ्या चेहऱ्याकडं बघितलं. उद्या काय होणार ते मी सांगितलं नव्हतं, पण इतकी वर्षं बॉल न बघता निकाल देणारा माणूस तो.

"एका पायली दळणाला गिरनी फिरवतेत व्हय?" ते म्हणाले. "बस इथंच. ऐकू येतंय समदं."

रिमोट त्यांनी खाली ठेवला. आम्ही काळ्या टीव्हीसमोर बसलो. जरा वेळानं समोरच्या माडीवर आरोळी फुटली. आबांनी मान तिरकी करून ऐकलं, आवाजाचा अंदाज घेतला आणि दोन्ही हात डोक्यावर उभे केले. सहा. मग शेजारी तीच आरोळी उठली. मग पलीकडच्या भिंतीआड.

मी म्हटलं, "झालं आबा, हात खाली घ्या आता."

"थांब," आबा म्हणाले. "टोकाच्या म्हाद्याकडं अजून पडायचा हाय."

आम्ही दोघं म्हाद्याकडं षटकार पडायची वाट बघत बसलो.